पतंग उडाला, वेलांटी अडली

उत्तरायणाच्या आधीच्या रविवारी, १२ जानेवारी २०२५ रोजी, शाळेच्या संगणक कक्षात पालक आणि विश्वस्त जमले होते. आठवी-नववीच्या मुलांनी तयार केलेला पतंगाचा खेळ त्यांनी पाहिला, काहींनी खेळलाही. "हे मुलांनी केले कसे?" असे त्या दिवशी बऱ्याच जणांनी विचारले. "यात शिकण्यासारखे काय आहे?" असेही दोघातिघांनी विचारले. दोन्ही प्रश्न रास्त होते, पण मुलांच्या गोंगाटात आम्हाला धड उत्तर देता आले नाही. ते वार्तापत्रातून द्यावे असे ठरले, म्हणून हा लेख.

आम्ही तिघे. दोघे या शाळेचे माजी विद्यार्थी आणि एक पालक. दिवाळीच्या सुट्टीनंतर १७ नोव्हेंबरपासून नऊ रविवार, सकाळी दोन-दोन तास आम्ही हा वर्ग घेतला. परवानगी मागायला गेलो तेव्हा एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले होते, "मुले घरी दिवसभर मोबाइलवर खेळतच असतात. आता शाळेतही खेळ?" आम्ही म्हटले, खेळायचा नाही, तयार करायचा आहे. त्यावर ते म्हणाले, "तयार झाल्यावर खेळणारच ना?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते. परवानगी मात्र मिळाली, आणि तीही एका अटीवर. मराठी शाळेतून जे बाहेर पडेल ते मराठीत असले पाहिजे. अट आम्ही हसत हसत मान्य केली. ती किती भारी पडणार आहे हे तेव्हा कळले नव्हते.

खेळ तयार करण्याची साधने आज पुष्कळ आहेत. लहान मुलांसाठी स्क्रॅच आहे, पण आठवी-नववीच्या मुलांना ते 'छोट्यांचे' वाटते. मोठे खेळ ज्यांवर तयार होतात ती इंजिने आपल्या कक्षातल्या संगणकांवर उघडतानाच धापा टाकतात. पायथन भाषेत पायगेम आहे आणि ते उत्तम आहे. आम्ही निवडले ते सी भाषेतले रेलिब, आणि त्याचे कारण अगदी घरगुती होते.

चाळिशी ओलांडलेल्या पालकांपैकी ज्यांनी कॉलेजात संगणक घेतला होता त्यांना टर्बो सीची ती निळी खिडकी आठवत असेल. ग्राफिक्स डॉट एच ही फाइल जोडायची, इनिटग्राफ लिहायचे, त्यात बीजीआय नावाच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा आणि पत्त्यातली तिरकी रेघ दोनदा लिहायची. ती एकदाच लिहिली की पडद्यावर वर्तुळाऐवजी 'बीजीआय एरर' उमटायचे. बीजीआय म्हणजे बोरलँड ग्राफिक्स इंटरफेस. जास्तीत जास्त ६४० बाय ४८० ठिपके आणि सोळा रंग, एवढेच वैभव. तरी त्यावर स्वतःच्या हाताने काढलेले पहिले वर्तुळ आमच्यापैकी एकाला अजून आठवते.

रेलिबचे कर्ते रामोन सांतामारिया हे बार्सिलोनाचे. चित्रकलेकडे ओढा असलेल्या आणि आयुष्यात कोडची एक ओळही न लिहिलेल्या मुलांना ते खेळांचे प्रोग्रॅमिंग शिकवीत. त्यासाठी त्यांनी आधी विनबीजीआय वापरले होते, म्हणजे त्याच जुन्या बोरलँड ग्राफिक्सचा विंडोजवर चालणारा अवतार. मुलांना ते पटकन जमले. मात्र त्यातल्या बऱ्याच गोष्टी आणि काही फंक्शनांची नावे गोंधळात टाकणारी होती, आणि पारदर्शकतेची सोयही नव्हती. तेव्हा २०१३ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतःच एक संच लिहायला घेतला आणि नोव्हेंबरमध्ये त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. ते रेलिब. शिक्षकाने वर्गासाठी तयार केलेली वस्तू म्हणून आम्हाला ती आवडली, आणि टर्बो सीशी तिचे नाते आहे म्हणून धीर आला.

रेलिब ही लायब्ररी आहे, पण हे पुस्तकांचे ग्रंथालय नव्हे. खिडकी उघडणे, रेघ काढणे, चित्र दाखवणे, कळ दाबली का ते पाहणे, आवाज वाजवणे ही कामे करणारी फंक्शने इथे आधीच लिहून ठेवलेली असतात. आपण त्यांना नावाने हाक मारायची. तीच फाइल विंडोज, लिनक्स, मॅक, रास्पबेरी पाय अशा वेगवेगळ्या यंत्रांवर चालते. प्रत्येक यंत्रावर ती नव्याने कंपाइल करावी लागते, पण नव्याने लिहावी लागत नाही. विश्वस्तांसाठी महत्त्वाचे म्हणजे हिला पैसे पडत नाहीत. परवाना इतका मोकळा आहे की उद्या मुलांनी खेळ विकला तरी कोणाला काही देणे लागत नाही.

विंडोजसाठी एकच संच उतरवून घ्यावा लागतो. त्यात कंपायलर आणि नोटपॅड प्लस प्लस हे संपादनाचे साधनही येते. दहा संगणकांवर पहिल्या रविवारीच सगळे सुरळीत झाले. मागच्या रांगेतल्या दोन जुन्या संगणकांवर मात्र खिडकी उघडेचना. कारण शोधायला आमचा पूर्ण आठवडा गेला. रेलिब चित्रे काढण्यासाठी ओपनजीएल वापरते आणि साधारणपणे त्याची ३.३ ही आवृत्ती मागते; त्या दोन यंत्रांना २.१ च्या पुढचे येत नव्हते. रेलिब स्वतः २.१ साठी कंपाइल करून घेतली तेव्हा तीही चालू लागली. घरी जुना संगणक असलेल्या पालकांनी हे लक्षात ठेवावे. लगेच नवा घेण्याची घाई करू नये.

पहिला प्रोग्रॅम सात-आठ ओळींचा असतो. इनिटविंडो म्हटले की खिडकी उघडते. तिला रुंदी, उंची आणि माथ्यावरचे नाव द्यायचे. त्यानंतर एक फेरा, जो खिडकी बंद करेपर्यंत चालूच राहतो. फेऱ्याच्या आत बिगिनड्रॉइंग म्हणायचे, क्लिअरबॅकग्राउंडने पाटी पुसायची, जे काढायचे ते काढायचे आणि एंडड्रॉइंग म्हणायचे. फेरा संपला की क्लोजविंडो. बस्स.

यातला फेरा हाच खेळाचा प्राण आहे आणि तो समजायला मुलांना वेळ लागला. त्यांना वाटत होते की पतंग एकदा काढला की तो आपण ढकलायचा. प्रत्यक्षात काहीच ढकलले जात नाही. वहीच्या कोपऱ्यात पानापानावर थोडे थोडे बदलत जाणारे चित्र काढून पाने फरफर सोडतात, तसे हे आहे. सेकंदाला साठ वेळा पाटी पुसायची, कोणती कळ दाबली आहे ते पाहायचे, पतंग कुठे असायला हवा त्याचा हिशेब करायचा आणि तो नव्याने काढायचा. एका फेऱ्याला सुमारे सतरा मिलिसेकंद मिळतात. हे सांगून कोणाला पटले नाही. मग एका मुलाने पाटी पुसण्याची ओळ विसरून प्रोग्रॅम चालवला. पतंग जिथे जिथे गेला तिथे तिथे त्याचे ठसे राहिले, लुकलुकणारी लांब शेपटी तयार झाली आणि वर्ग ओरडला, "मांजा आला!" त्यानंतर कोणाला फेरा समजावून सांगावा लागला नाही. तो मुलगा मात्र ती चूक दुरुस्त करायला पुढचे दोन रविवार तयार नव्हता.

दुसरी गंमत वर-खालीची. वर जाण्याची कळ दाबली की पतंगाच्या वाय या संख्येत मिळवायचे, असे सगळ्यांनी लिहिले, कारण गणिताच्या तासाला आलेखात वाय वर वाढतो. इथे तो खाली वाढतो. शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असते. बारा संगणकांवर बारा पतंग एकाच वेळी जमिनीत घुसले. "सर, आमचे पुस्तक चुकले की हे चुकले?" असे एका मुलीने विचारले. दोन्ही बरोबर आहेत, शून्य कुठे धरायचे हे ठरवण्याचा प्रश्न आहे, हे उत्तर तिला फारसे पटलेले दिसले नाही. खरे सांगायचे तर या वयात आम्हालाही पटले नसते.

तिसरी अडचण गतीची. प्रत्येक फेऱ्यात पतंग चार ठिपके सरकवा, असे लिहिले होते. मागच्या रांगेतल्या त्या दोन यंत्रांना सेकंदाला साठ फेरे झेपत नव्हते, त्यामुळे तिथे पतंग आळसावून चाले आणि तिथे बसणारे गडी सगळ्यांपेक्षा जास्त गुण मिळवत. पुढच्या रांगेने तक्रार केली. एकच खेळ अनेक यंत्रांवर चालवायचा तर फेरे मोजून भागत नाही, वेळ मोजावी लागते. मागच्या फेऱ्यापासून किती वेळ गेला ते गेटफ्रेमटाइम हे फंक्शन सांगते. त्याला वेगाने गुणले की अंतर मिळते. वेग गुणिले वेळ बरोबर अंतर हे सूत्र मुलांना कधीपासून पाठ होते. ते कशाला लागते हे बहुधा त्या दिवशी कळले असावे.

चौथी अडचण भूमितीची, आणि ती आमच्या सर्वांत आवडीची. आपला पतंग समोरून येणाऱ्या पतंगाला भिडला की तो कापला, असा नियम होता. दोन वस्तू भिडल्या का हे तपासण्यासाठी रेलिबमध्ये आयतांचे फंक्शन आहे. पण पतंग आयत नसतो. दोन पतंगांमध्ये उघड उघड आभाळ दिसत असताना पतंग कापला जाऊ लागला आणि भांडणे सुरू झाली. आम्ही फळ्यावर एक आयत काढला आणि त्यात बसणारा पतंगाचा समभुज चौकोन. त्याचे क्षेत्रफळ कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मे. म्हणजे आयताचा बरोबर अर्धा भाग रिकामा, आणि त्या रिकाम्या कोपऱ्यांतच खोटी टक्कर होत होती. यावर रेलिबकडे बहुभुजाकृती तपासण्याचा मार्ग आहे, पण मुलांनी सोपा उपाय काढला. तपासण्यापुरता पतंगाच्या पोटात एक लहान आयत धरायचा. थोडे अन्यायाचे होते, पण अन्याय सगळ्यांवर सारखाच.

एवढ्यात डिसेंबर सरत आला. खेळात पक्षीही आले होते. पक्ष्याला धक्का लागला की डाव संपतो. दर जानेवारीत मांज्याने जखमी होणाऱ्या पक्ष्यांसाठी गुजरातमध्ये करुणा अभियान चालते. मागच्या वर्षी गच्चीवर मिळालेले कबुतर तिथे पोचवून आलेल्या एका मुलीने हा नियम घालायला लावला. आता फक्त पडद्यावरची वाक्ये लिहायची राहिली होती. 'सुरू करा', 'शाबास', 'जिंकलात', 'पुन्हा खेळा'. अर्ध्या तासाचे काम, असे आम्ही धरले होते.

प्रथम ड्रॉटेक्स्ट या फंक्शनला नुसते 'शाळा' असे लिहून दिले. पडद्यावर चार प्रश्नचिन्हे आली. रेलिबबरोबर येणाऱ्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, ज्या चिन्हाचे चित्र नाही त्याच्या जागी ते प्रश्नचिन्ह ठेवते. हे आम्हाला अपेक्षितच होते. पण नववीतली एक मुलगी, जिच्या वहीत शुद्धलेखनाखाली लाल शाईच जास्त असते, बोटांवर मोजत म्हणाली, "शब्द दोन अक्षरांचा आहे. प्रश्नचिन्हे चार कशी?" वर्ग गप्प. मग तिनेच उत्तर दिले, "काना वेगळा धरला आहे!" अगदी बरोबर. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ घरे राखलेली आहेत. श चे घर वेगळे, ळ चे वेगळे आणि कान्याचे वेगळे. बाई शिकवतात त्याप्रमाणे आपण 'शा' हे एक अक्षर मोजतो, यंत्र दोन मोजते.

तेव्हा मुक्ता हा खुल्या परवान्याचा फॉन्ट घेतला आणि लोडफॉन्टईएक्स या फंक्शनला त्या १२८ घरांची यादी दिली. 'शाबास' झकास उमटले. टाळ्या पडल्या. मग 'जिंकलात' दिले. एका मुलाने मोठ्याने वाचून दाखवले, "जकिंलात!" पहिली वेलांटी ज च्या मागे उभी होती आणि तिची कमान क वर गेली होती. अनुस्वारानंतर फट पडून शिरोरेषा तुटली होती. 'पुन्हा' मध्ये न चा पाय मोडलेला आणि ह वेगळा उभा. हसू आवरेना. आम्हाला मात्र घाम फुटला.

गंमत अशी की याच खिडकीच्या माथ्यावर 'पतंगांची लढाई, पुन्हा पुन्हा' असे आम्ही दिलेले नाव अगदी शुद्ध दिसत होते. माथ्यावरचे नाव विंडोज लिहिते आणि विंडोजला मराठी लिहिता येते. खिडकीच्या आतले सगळे रेलिब लिहिते, आणि ती एका घरातले एक चिन्ह उचलून शेजारी शेजारी ठेवते, एवढेच. इंग्रजीला तेवढे पुरते. आपल्या लिपीत वेलांटी बोलताना नंतर येते, लिहिलेली मात्र आधी दिसते. न आणि ह जवळ आले की न अर्धा होतो. अशी जुळणी करणारे स्वतंत्र सॉफ्टवेअर असते. त्यातले सर्वांत प्रसिद्ध हार्फबझ. नावातला 'हर्फ' म्हणजे फारसीत अक्षर. ते रेलिबमध्ये नाही. ते बाहेरून जोडणे आमच्या कुवतीबाहेरचे नव्हते, पण मुलांच्या कुवतीबाहेरचे होते, आणि खेळ मुलांचा होता.

मुलांनी मार्ग सुचवला, आणि तो ऐकून वाईट वाटले. "सर, इंग्रजीत लिहून टाकू ना. गेम ओव्हर. सगळ्यांना कळते." दुसरा म्हणाला, "नाहीतर गुजरातीत." गुजरातीतही नेमकी हीच अडचण येते, हे त्याला करून दाखवले. मग कोणी तरी 'कायपो छे' हे शब्द देवनागरीत टाकून पाहिले. ते तंतोतंत शुद्ध उमटले! त्यात पहिली वेलांटी नाही आणि जोडाक्षरही नाही. बडोद्याच्या गच्चीवर मराठी-गुजराती सगळे हेच ओरडतात, तेव्हा पतंग कापल्यावर तेच दाखवायचे हे एकमताने ठरले. मराठी शाळेच्या खेळात बिनचूक उमटलेले वाक्य गुजराती निघाले. आणि प्रवेशासाठी शाळा पाहायला येणारे पालक ज्या दिवशी कक्षात येणार, त्या दिवशी पडद्यावर 'जकिंलात' दिसणार. विश्वस्तांची अट आठवत होती. दरवर्षी पहिलीचा वर्ग भरेल की नाही याची चिंता करणाऱ्या शाळेला ही थट्टा परवडणारी नव्हती.

५ जानेवारीच्या रविवारी एका मुलाचे आजोबा त्याला न्यायला लवकर आले. ते रावपुऱ्यातल्या एका छापखान्यात तीस वर्षे खिळे जुळवत होते. दारातूनच पडद्यावरचा 'जकिंलात' पाहून म्हणाले, "अहो, वेलांटी आधी लावा की. आम्ही आधीच लावत होतो." आम्ही त्यांना आत बसवले. केसमधल्या घरांतून एकेक खिळा उचलून तो जुळवायचा, तर पहिल्या वेलांटीचा खिळा आधी आणि अक्षराचा नंतर, कारण खिळ्याला उच्चार ठाऊक नसतो, जागा ठाऊक असते. रेलिबचे अगदी तसेच आहे. आम्ही कोडमध्ये मुद्दाम वेलांटी आधी आणि ज नंतर असे लिहिले. पडद्यावर 'जि' सरळ झाला. आजोबांनी फक्त मान हलवली.

"आणि न्हा?" आम्ही विचारले. "त्याला अर्ध्या न चा खिळा लागेल. तुमच्या केसमध्ये आहे का?" नव्हता. १२८ घरांत अर्ध्या न ला स्वतःचे घर नाही. तो न आणि पाय मोडल्याची खूण यांपासून तयार करावा लागतो. आजोबांच्या केसमध्ये मात्र अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, उकार लागलेली अक्षरे अशी शेकडो घरे असत, आणि कुठले घर कुठे हे हाताला पाठ असे. ते खिळे कमी कसे करता येतील याचा विचार लोकमान्य टिळकांनीही केला होता, हे त्यांच्याकडूनच मुलांना कळले. मुलांनी त्यांना त्या दिवशी तासभर सोडले नाही.

यावरून आम्हाला या वार्तापत्राचे जुने अंक आठवले. युनिकोड रुळण्याआधी शिवाजी, कृतिदेव असे फॉन्ट वापरत. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी चिन्हे बसवलेली असत. कृतिदेवमध्ये इंग्रजी जे, के, ई अशा कळी दाबल्या की 'राम' दिसे, आणि पहिली वेलांटी आधीच टाइप करावी लागे, खिळ्यांसारखीच. अर्ध्या अक्षरांनाही तिथे घरे होती. तसा फॉन्ट रेलिबला दिला तर जोडाक्षरेही उमटतील. मोह झाला. पण मग मुलांच्या फाइलमध्ये 'राम' लिहिलेलेच नसते, जे-के-ई लिहिलेले असते; फॉन्ट बदलला की मराठी नाहीशी. शिवाय आमच्याकडच्या प्रतीच्या परवान्याचा कागद नव्हता. शाळेत ते बरे दिसले नसते.

शेवटी त्या नववीतल्या मुलीनेच विचारले, "पतंगाचे चित्र चालते, तर शब्दाचे चित्र का नाही?" एवढे साधे आम्हा तिघांना सुचले नव्हते. चित्रकलेच्या बाईंनी बोरू आणि शाई दिली. मुलांनी पांढऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत सहा वाक्ये लिहिली, प्रत्येकाने दोन-तीनदा, आणि वर्गाने त्यांतली निवडली. कागद स्कॅन केले, पांढरा भाग पारदर्शक केला आणि पतंगासारखेच ते शब्द लोडटेक्स्चरने आत घेतले. इथे एक सूचना. चित्र आत घेण्याची ओळ इनिटविंडोच्या नंतरच यायला हवी. आधी लिहिली की प्रोग्रॅम एक शब्दही न बोलता बंद पडतो, आणि आमचे पाऊण तास त्यात गेले. गुण दाखवणारे आकडे मात्र सतत बदलतात, त्यांची चित्रे कशी काढणार? त्यांना गरजच पडली नाही. ० ते ९ या देवनागरी अंकांना आपापली दहा घरे आहेत, त्यांना ना वेलांटी ना जोडणी. ते मुक्ता फॉन्टमधूनच उमटले.

१२ तारखेला सर्वांत जास्त वेळ खेळले ते आजोबा. त्यांचा पहिला पतंग लगेच पक्ष्याला लागला. दुसरा बराच टिकला आणि २३ गुणांवर गेला. ज्या विश्वस्तांनी अट घातली होती त्यांनी खेळ खेळला नाही. ते पडद्याजवळ गेले, चष्मा लावून प्रत्येक वाक्य वाचले आणि विचारले, "हे अक्षर कोणाचे?" ती मुलगी पुढे आली. त्यांनी तिच्या वर्गाचे नाव विचारून घेतले.

खेळाची फाइल कक्षातल्या सगळ्या संगणकांवर ठेवली आहे; ज्यांना घरी न्यायची आहे त्यांनी पेनड्राइव्ह आणावा. मोबाइलवर चालवण्याची मुलांची मागणी अजून पुरी झालेली नाही. रेलिब अँड्रॉइडवर चालते, पण ती मांडणी किचकट आहे आणि आमचे नऊ रविवार संपले होते. 'पुन्हा खेळा' मधला न्हा थोडा डावीकडे कलला आहे. तो सरळ करून देतो असे आम्ही दोनदा म्हटले. ती म्हणते, पतंगही कलतोच, राहू द्या.